एकोणिसावा ओत

१

फिटर नवव्या मजल्यावरून खाली पडला तेव्हा पाना त्याच्या मुठीत तसाच होता. मूठ सोडवायला दोन माणसं लागली.

रंगाऱ्यांचा झुला ज्या अॅल्युमिनियमच्या हातावर लोंबतो, तो हात गच्चीच्या कठड्यापाशी बुडातून खडूसारखा तुटला होता. फिटरने कमरेच्या पट्ट्याची दोरीही त्याच हाताला बांधली होती, कारण गच्चीवर बांधण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वाळूची पोती टांगून त्याने आधी तासभर हात तपासला. हात जागचा हलला नाही. मग तो स्वतः झुल्यात उतरला आणि खालच्या रंगाऱ्यांना म्हणाला, "या वर, झाला तयार." उतरताना झुल्याला जेमतेम एक हिसका बसला असेल.

तो हात ज्या फाउंड्रीत ओतला गेला, तिथलाच तो फिटर. त्याचा बाप तिथे भट्टीवर. त्याची बायको तिथेच, ओतलेले हात भाजून कडक करणाऱ्या ओव्हनवर.

पाचव्या दिवशी तपासणी खात्याची बाई आली. पन्नाशीची, सडपातळ, गळ्यात बुटाच्या नाडीने अडकवलेलं भिंग. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नोंद करता करता तिला भिंगबाई म्हटलं आणि तेच नाव पडलं.

मालकांच्या केबिनमध्ये तिघे बसले होते. मालक, थकलेले, सारखे पाणी पिणारे. त्यांच्या शेजारी पांढरा कोट घातलेला, चाळिशीचा माणूस. धातुशास्त्रात डॉक्टरेट केलेली, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी तो इथे आला होता. आणि भिंतीशी, खुर्ची असूनही उभा असलेला, भुवया जळून गेलेला म्हातारा. तीस वर्षं भट्टी सांभाळणारा वस्ताद, मेलेल्या फिटरचा बाप.

डॉक्टरांनी अहवाल पुढे सरकवला. "ओव्हनचं तापमान प्रमाणाबाहेर चढलं. धातू आतून वितळायला लागला, म्हणून ठिसूळ झाला. ओव्हन चालवणारीचा निष्काळजीपणा."

"कोण चालवतं ओव्हन?"

"माझी सून," वस्ताद म्हणाला. "होती."

"होती म्हणजे?"

"पोराला पोहोचवून आलो आणि तिची बॅग दाराबाहेर ठेवली. नवऱ्याला जास्त भाजून ठिसूळ केलेल्या हातावर टांगणारी बाई मला घरात नको."

भिंगबाईने मान हलवली नाही की सांत्वनही केलं नाही. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला हाताचा बुंधा तिने उघडला, खिडकीपाशी नेला आणि दहा मिनिटं भिंगातून पाहत राहिली. तुटलेला भाग सपाट, चकचकीत होता, मिठाचा मोठा खडा फोडावा तसा. मग तिने बाहेरच्या अंगावरून तळहात फिरवला. वीस हा ओताचा, म्हणजे लॉटचा आकडा धातूत ठोकलेला होता. त्यावर तिचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"जास्त भाजलेल्या धातूच्या अंगावर फोड येतात, डॉक्टर. इथे एकही नाही. हा अहवाल लिहिताना तुम्ही हा तुकडा पाहिला होता का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

२

प्रयोगशाळेत भिंगबाईने बुंध्याची चकती कापून घेतली, आरशासारखी घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मालकांना तिने खुर्ची ओढून दिली.

"बघा. काय दिसतं?"

"सुया," मालक म्हणाले. "करड्या सुया. एकमेकींत अडकलेल्या."

"ते सिलिकॉन. ते असतं म्हणून अॅल्युमिनियम साच्याच्या कानाकोपऱ्यात पळतं. पण आपल्या मनाने गोठू दिलं की ते असं सुयांनी गोठतं, आणि एकेक सुई म्हणजे आयती चीर. म्हणून ओतण्याआधी मुशीतल्या रसात चिमूटभर औषध टाकतात. जुने लोक सोडियम टाकायचे, आता स्ट्रॉन्शियम टाकतात. मग सुयांच्या जागी बारीक तंतू तयार होतात आणि धातू तुटायच्या आधी वाकतो. कोपऱ्यांत वितळलेली डबकी दिसतात का तुम्हाला?"

"नाही."

"म्हणजे ओव्हन चढला नव्हता. तुमच्या फिटरच्या बायकोने हात भाजला नाही. आणि हो, सुयांची टोकं बघा."

"गोल आहेत. झिजल्यासारखी."

"आठ तास ओव्हनमध्ये ठेवून इतकी झिजत नाहीत. हा हात बराच जास्त वेळ आत होता, पण योग्य तापमानाला. निष्काळजी माणूस तापमान इतकं काटेकोर सांभाळत नाही."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. हातात कागद. "स्ट्रॉन्शियम घातलंय," ते म्हणाले. "मी स्वतः तोलून घातलंय. हे यंत्राचं उत्तर. जितकं हवं तितकं आहे."

भिंगबाईने कागद पाहिला. स्ट्रॉन्शियम बरोबर होतं. बाकीचे आकडेही ठीक होते.

"औषध आहे आणि गुण नाही," ती म्हणाली. "म्हणजे औषधाला कुणीतरी बांधून टाकलंय. तुमचं यंत्र किती मूलद्रव्यं वाचतं?"

"बारा."

"मग तेरावं बघायला हवं."

तिने चकतीचा उरलेला अर्धा भाग पाकिटात घातला आणि मालकांच्या गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पाठवून दिला. दुपारी फोन आला. तिने फक्त ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि विचारलं, "तुमच्या स्टोअरमध्ये अँटिमनी ठेवता का?"

मालकांच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर सांडला.

३

"पंचवीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पिस्टनसाठी आणलं होतं," मालक जिना उतरताना सांगत होते. "अँटिमनी एकदा घातलं की त्याचा गुण कितीही वेळ टिकतो, तेवढ्यासाठी. मग ते काम गेलं. एक पत्र्याचा डबा उरला. त्यावर मीच लिहिलं होतं, दुसऱ्या कुठल्याही औषधासोबत वापरू नये."

"कारण दोन्ही एकमेकांना मारतात," भिंगबाई म्हणाली. "स्ट्रॉन्शियम अँटिमनीला धरून बसतं. सिलिकॉनकडे बघायला कुणीच उरत नाही."

स्टोअरच्या वरच्या फळीवर धुळीचा जाड थर होता. मधोमध एक स्वच्छ गोल. डबा नव्हता.

"हा डबा कुणाकुणाला माहीत होता?"

"मला. वस्तादांना. आणि डॉक्टरांनी आल्या आल्या सगळं स्टोअर तपासलं होतं, म्हणजे त्यांनाही." मालक थांबले. "बाई, माझं तर हे एकच मोठं काम होतं. सोळा हात. ते बिघडवून मी काय मिळवणार? आणि डॉक्टरांची ही पहिलीच स्ट्रॉन्शियमची ऑर्डर, त्यांची सगळी पत यावर. राहिले वस्ताद."

"राहिले वस्ताद."

"कोण बाप आपल्या मुलाला असल्या हातावर चढवेल?"

भिंगबाई भट्टीवर गेली. वस्ताद कामावर होता. मुलगा गेल्याला सहा दिवस झाले नव्हते आणि तो लांब दांड्याच्या झाऱ्याने मुशीवरची मळी काढत होता. घरी बसला असता तर बरं झालं असतं, असं सगळेच म्हणत होते, पण त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं.

"तुम्ही सोडियमवाले," ती म्हणाली.

"तीस वर्षं. कागदात गुंडाळून मुशीच्या तळाला दाबायचं आणि वीस मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. वेळ गेली की गुण उडाला. हात हवा त्याला, नजर हवी." त्याने झारा आपटला. "डॉक्टर म्हणाले, हे जादूटोण्याचे दिवस गेले. स्ट्रॉन्शियमची कांडी टाका आणि तासभर चहा प्या."

मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. भट्टीवरच्या सगळ्यांची डॉक्टरांनी लेखी परीक्षा घेतली होती, तिचे गुण. शेवटच्या ओळीत वस्ताद. शंभरात सात.

"हे अजून इथे कसं?"

"राहू दे म्हणाले. शिकायला बरं." म्हातारा हसला, पण डोळे हसले नाहीत. "साचेवाली पोरं मला सात मार्क म्हणतात. माझ्या पोरासमोर म्हणायची. तो मान खाली घालायचा."

भिंगबाईने वहीत काही लिहिलं नाही. तिने विचारलं, "विसाव्या लॉटला किती हात ओतले होते, आठवतं?"

"आठ. स्वच्छ ओत होता. माझ्या हातात काही खोट नव्हती, तुम्ही तपासा. जे बिघडलं ते तिच्या ओव्हनमध्ये."

"आठच? नक्की?"

"शंभरात सात असतील मला, बाई. पण मोजता येतं."

४

सून कारखान्याच्या फाटकासमोर बसस्टॉपच्या बाकावर बसली होती. तिला आत येऊ देत नव्हते आणि घर उरलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या खोलीवर ती झोपायला जात असे आणि उजाडलं की इथे येऊन बसत असे. बॅग पायाशी होती.

भिंगबाई शेजारी बसली. "तुझ्या ओव्हनने काही बिघडवलं नाही. सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतंय."

सुनेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच बिघडवलंय."

"कसं?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, धूळ उडाली.

"दोनदा भाजले मी ते हात," ती म्हणाली. "एकदा नेहमीसारखे. पाचशे चाळीसवर आठ तास, मग पाणी. चार दिवसांनी डॉक्टर आठ हात घेऊन आले. चिठ्ठ्या काढलेल्या, नंबरच्या जागी ग्राइंडर मारलेला. म्हणाले, हे पुन्हा लाव, अजून सहा तास. मी म्हटलं, दोनदा लावून चालतं का? ते म्हणाले, उलट चांगलं. कुणाला सांगू नकोस, गिऱ्हाईक उगाच शंका काढतं."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"नवऱ्याला सांगितलं. एवढंच म्हटलं की दोनदा भाजलेत. त्या सकाळी निघताना बूट घालता घालता त्याने विचारलं, नीट आहेत ना गं? मी डबा भरत होते. मी मागे वळूनही पाहिलं नाही. हो म्हटलं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ते कधीच संपून गेलं होतं.

"सासऱ्यांना हे बोललीस?"

"काय बोलू? ते म्हणतात तू मारलंस. खरंच मारलंय."

"दुसऱ्यांदा भाजून हात बिघडला नाही," भिंगबाई म्हणाली. "थोडा सुधारलाच. आधी तो याहून वाईट होता. तुझ्याकडे आला तेव्हाच मेलेला होता."

सुनेने पहिल्यांदा मान वर केली. "मग डॉक्टरांना आधीच माहीत होतं?"

भिंगबाई उठली. "तेच विचारायला चाललेय. तू उद्या सकाळी दहाला भट्टीवर यायचंस. पहारेकऱ्याला मी सांगते."

"तिथे बाबा असतील."

"म्हणूनच."

५

डॉक्टरांच्या टेबलावर भिंगबाईने दोन वस्तू ठेवल्या. एक तुटलेला बुंधा. दुसरा गिऱ्हाइकाकडून परत मागवलेला, न तुटलेला हात. दोन्हींवर वीस.

"बोट फिरवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फिरवलं नाही.

"मग मी सांगते. तुमच्याकडे नंबर ठोकतात तो साच्यातून काढून, घासून झाल्यावर, ओव्हनच्या आधी. धातू तेव्हा मऊ असतो. आकडा खोल जातो, कडा वर येतात. हा न तुटलेला तसाच आहे. आणि तुटलेल्यावरचा आकडा बघा, नखाने खरवडल्यागत उथळ. हा कडक झालेल्या धातूवर ठोकलाय. ओव्हनमधून निघाल्यावर. वस्ताद म्हणतो विसाव्या लॉटचे आठ हात ओतले. तुमच्या सहीने विसाव्या लॉटचे सोळा गेले. उरलेले आठ कुठल्या लॉटचे?"

डॉक्टरांचा चेहरा घामाने चमकायला लागला. "एकोणीस," ते म्हणाले.

"तो तर वहीत भंगारात दाखवलाय ना?"

"मालकांना तसं सांगितलं. साचे ओले होते, म्हटलं." ते भराभर बोलायला लागले. "स्ट्रॉन्शियमचा माझा पहिला ओत होता. सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि त्याच धातूतून ओतलेली नमुन्याची पट्टी ताण दिल्याबरोबर काडीसारखी तुटली. कशामुळे ते मला कळेना. यंत्र सगळं बरोबर दाखवत होतं. त्या म्हाताऱ्यासमोर मी काय तोंड दाखवणार होतो? वाचलं होतं की जास्त वेळ भाजलं तर सुया बोथटतात. सहा तास वाढवले. पट्टी पास झाली. कशीबशी, पण पास झाली, बाई."

"पट्टी बोटाएवढी जाड. झटकन गोठते, सुया लहान राहतात. हाताचा बुंधा मनगटाएवढा. तिथे सुया केवढ्या झाल्या असतील, याचा विचार केला नाहीत?"

"वेळ नव्हता. तारीख आली होती."

"अहवाल लिहायला वेळ होता. एका बाईवर नवऱ्याच्या मृत्यूचा दोष ढकलायलाही होता."

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "अँटिमनी मी घातलेलं नाही. शपथेवर सांगतो. माझाच ओत मी का बिघडवीन?"

"ते मला माहीत आहे," भिंगबाई म्हणाली. "कुणी घातलं तेही माहीत आहे. पण मुशीवर बोटांचे ठसे उरत नाहीत, आणि तो डबा कधीच वितळून गेला असेल. ते त्याच्याच तोंडून यायला हवं. उद्या सकाळी दहाला तुम्ही भट्टीवर उभं राहायचं आणि मी विचारल्याशिवाय एक अक्षर काढायचं नाही. एकोणिसावा लॉट बाहेर गेला, हे आत्ता फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. उद्या दहापर्यंत ते तसंच राहू दे."

डॉक्टरांना तेव्हा समजलं की ती काय करणार आहे. "बाई," ते म्हणाले, "तो मुलाचा बाप आहे."

"आतापर्यंत तुम्हालाही ते आठवत नव्हतं," ती म्हणाली आणि बुंधा फडक्यात गुंडाळू लागली.

६

सकाळी दहाला भट्टी मंद केलेली होती. मालक एका उलट्या डब्यावर बसले होते. डॉक्टर खांबाला टेकून. साचेवाल्यांना बाहेर पाठवलं होतं. सून दारातून आत आली आणि वस्तादाने तोंड फिरवलं.

"हिला इथून काढा," तो म्हणाला.

"ती बोलणार नाही," भिंगबाई म्हणाली. "मला फक्त दोन गोष्टी नीट लावायच्या आहेत. वस्ताद, डॉक्टर म्हणतात धातूत खोट होती. म्हणजे दोष ओव्हनचा नाही, भट्टीचा. तुमचा."

वस्तादाच्या मानेची शीर ताठ झाली. "माझा विसावा ओत आरशासारखा होता."

"एकोणिसावाही भंगारात गेला होता. तोही तुमच्याच हातचा. लागोपाठ दोन. वय झालंय वस्ताद, नजर गेली. मी अहवालात तसंच लिहिणार आहे. भट्टीवाला कामाचा उरलेला नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मालक काही बोलायला गेले, भिंगबाईने हाताने थांबवलं.

म्हातारा एक पाऊल पुढे आला. त्याच्या जळक्या भुवयांखालचे डोळे लाल झाले होते. "नजर गेली?" तो म्हणाला. "एकोणिसावा माझ्या नजरेने गेला नाही, बाई. माझ्या हाताने गेला. मी घालवला तो."

"कसा घालवणार? यंत्राने सगळं बरोबर दाखवलंय."

"यंत्र." तो हसला. या वेळी खरोखर हसला. "यंत्राला अँटिमनी दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. शंभरात सातवाल्याला ठाऊक होतं आणि डॉक्टरांना नव्हतं. त्यांनी कांडी टाकली आणि चहाला गेले. मी डबा आणून रिकामा केला, ढवळला, वर मळी ओढून घेतली. डबासुद्धा भट्टीतच टाकला. नमुन्याची पट्टी तुटली तेव्हा डॉक्टरांचं थोबाड बघायला मी मुद्दाम प्रयोगशाळेच्या खिडकीखालून गेलो. पांढरंफटक." त्याने डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "चार दिवस झोपले नाहीत ते. भोगा म्हटलं. माझा कागद भिंतीवर लावता ना, भोगा."

"म्हणजे एकोणिसावा लॉट तुम्ही जाणूनबुजून बिघडवला."

"बिघडवला. आणि पट्टीत पकडला जाईल हे पाहून बिघडवला. माणसाच्या अंगावर नाही टाकला. भंगारात गेला, तिथेच तो मिटला. पण विसाव्याला मी बोट लावलेलं नाही. विसावा मी पोरासारखा सांभाळून ओतला, कारण माझाच पोरगा तो चढवणार होता. लिहा आता तुमच्या अहवालात. एकोणिसावा माझा. विसावा हिचा."

त्याने पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं.

भिंगबाईने फडकं सोडलं. बुंधा तिने वस्तादाच्या हातात दिला. एवढा जड तुकडा त्याने सवयीने अलगद पेलला.

"आकड्यावर बोट फिरवा," ती म्हणाली. "तुम्ही तीस वर्षं नंबर ठोकलेत. हा कधी ठोकलाय ते मला सांगा."

म्हाताऱ्याचा अंगठा त्या वीसवर गेला. एकदा फिरला. पुन्हा फिरला. मग तिथेच थांबला.

"हा नंतर ठोकलाय," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "खाली ग्राइंडर मारलाय."

"खाली कुठला नंबर होता, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "एकोणीस."

वस्तादाने बुंधा खाली ठेवला नाही. तो तसाच छातीशी धरून उभा राहिला. तुटलेला चकचकीत भाग त्याच्या तोंडासमोर होता आणि तो त्यात बघत होता. मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला, जो मालकांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता आणि नंतर ज्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

सुनेने त्याला सावरलं नाही. ती होती तिथेच उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. पापणीही न हलवता, ओव्हनचा काटा बघावा तशी.

बाहेर आल्यावर मालक भिंगबाईला म्हणाले, "तुम्ही त्याला एकांतात सांगू शकला असतात. इतक्या क्रूरपणे कशाला?"

"आधी सांगितलं असतं तर त्याने कबूल केलं नसतं," ती म्हणाली. "आणि ती बाई जन्मभर बसस्टॉपवर बसली असती."

"पण तुम्हाला काही वाटलं नाही?"

भिंगबाईने गाडीचं दार उघडलं. "वाटलं," ती म्हणाली. "वाटल्याने जे खरं आहे ते बदलत नाही."

७

खटला उभा राहिला तेव्हा डॉक्टर आणि वस्ताद दोघांनाही पकडलं होतं. डॉक्टरांना जामीन मिळाला नाही, कारण त्यांनी खोटा अहवाल लिहिला होता. उरलेले सात हात गिऱ्हाइकाकडून परत आणून वितळवून टाकले. मालकांनी सुनेची माफी मागितली आणि तिला पुन्हा ओव्हनवर घेतलं. माफी तिने ऐकून घेतली. काम घेतलं.

वस्तादाला वय पाहून जामीन मंजूर झाला, पण हमी द्यायला कुणी पुढे येईना. भावाने नाही म्हटलं, साचेवाल्यांनी नाही म्हटलं. तुरुंगात तो महिनाभर होता. मग एक दिवस सून गेली आणि तिने सही केली.

साक्षीच्या कामासाठी भिंगबाईला त्या शहरात पुन्हा यावं लागलं. कोर्ट सुटल्यावर ती सुनेच्या भाड्याच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, लख्ख पुसलेलं. वस्ताद आतल्या खोलीत भिंतीशी बसला होता. इतका वाळला होता की भिंगबाईने आधी ओळखलं नाही. समोर ताट वाढलेलं होतं, वाफा येत होत्या. सून त्याच्यासमोर बसली होती.

"जेवा, बाबा," ती म्हणाली.

त्याने मान हलवून नको म्हटलं.

"जेवा. दवाखान्यात गोळ्या पोटभर खाऊन घ्यायला सांगितल्यात." तिने घास करून त्याच्या तोंडाशी धरला आणि तो उघडेपर्यंत धरून ठेवला. त्याने उघडलं. तिने भरवलं, पदराने त्याचे ओठ टिपले. कुठेही घाई नव्हती.

पाणी आणायला ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा भिंगबाईने हलक्या आवाजात विचारलं, "तू का सोडवलंस त्यांना? मला वाटलं होतं तू तोंडही बघणार नाहीस."

सुनेने पेला भरला. काठोकाठ, एक थेंब न सांडता.

"तिथे बरं चाललं होतं त्यांचं," ती म्हणाली. "बाकीचे कैदी त्यांना वस्ताद म्हणायचे. पत्ते खेळायचे. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं." तिने पेला उचलला. "इथे मी असते."

आणि ती पाणी घेऊन आत गेली.